काळी स्क्रीन म्हणजे मदरबोर्ड गेला, हे खरं नाही

सोलापुरातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "पीसीचा पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच? मदरबोर्ड गेला. फॉरमॅट मारून बघा, नाहीतर बोर्डाला हेअर ड्रायरने गरम हवा द्या. तरीही जमलं नाही तर डेटा विसरा, नवीन घ्या." यातलं एकही वाक्य जसंच्या तसं धरून चालू नका. कुणाच्या तरी कारखान्याचे वर्षभराचे हिशेब यापायी जातील.

मदरबोर्ड जातो, नाही असं नाही. पण तो संशय शेवटी घ्यायचा. आधी मॉनिटरची केबल बघा. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डालाच हवी. बोर्डाच्या पोर्टला लावली की बहुतेक वेळा चित्र येत नाही. मग कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा. दिवा लागत-विझत असेल तर मशीन जिवंत आहे, अडलंय ते चित्रापाशी. दिवा ढिम्म असेल तर रॅमकडे, म्हणजे बोर्डावर खोचलेल्या मेमरीच्या पट्टीकडे वळा.

आपल्याकडे रॅमवर माझा पहिला संशय असतो. पूर्व भागात घराला लागूनच यंत्रमाग. चादरी-टॉवेलच्या सुताचा बारीक भुगा सीपीयूच्या डब्यात शिरतो, पंख्यात गुंततो, रॅमच्या स्लॉटमध्ये बसतो, आणि पिनांचा संपर्क तुटतो. विजेचा प्लग काढून पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि मगच रॅम काढा. सोनेरी पट्टी पांढऱ्या मऊ खोडरबराने हलकेच पुसा. हे स्लॉटपासून लांब करा, रबराचा चुरा आत पडू देऊ नका. स्लॉट ब्रशने साफ करून रॅम खटका बसेपर्यंत दाबा. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघा.

आता फॉरमॅट. कंपनीचा लोगोसुद्धा येत नसेल तर गाडी विंडोजपर्यंत पोचलेलीच नाही, मग विंडोज पुसून काय साधणार? लोगो येऊन नंतर काळं होत असेल तर दोष बहुधा ड्रायव्हरचा (ग्राफिक्स चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) किंवा अपडेटचा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तेवढ्याने भागलं नाही तर सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींवर सुरू होतं तो मोड) जाऊन नवा ड्रायव्हर काढून टाका. फाइली जागच्या जागी राहतात.

हेअर ड्रायरचं तर मुळीच ऐकू नका. बोर्डावरचे भाग ज्याने जोडलेले असतात ते शिसं नसलेलं सोल्डर वितळायला साधारण 217 अंश सेल्सियस लागतात. ड्रायरने तेवढं होत नाही. प्लास्टिकचे स्लॉट मात्र वाकू शकतात आणि सुताचा भुगा आणखी आत जातो.

राहिला डेटा. तो हार्ड डिस्कवर किंवा एसएसडीवर असतो, मदरबोर्डावर नाही. बोर्ड खरंच गेला तरी डिस्क काढून यूएसबी केसमध्ये (डिस्क बाहेरून जोडायच्या डबीत) घालून दुसऱ्या पीसीला लावता येते. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर रिकव्हरी की लागेल. काही पातळ लॅपटॉपमध्ये मात्र स्टोरेज बोर्डालाच जोडलेलं असतं, तिथे जाणकारालाच हात लावू द्या. आणि सीपीयू दुकानात टाकताना "विचारल्याशिवाय फॉरमॅट करायचं नाही" एवढं पावतीवर लिहून घ्या.