सही करा आणि मोकळे व्हा

वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या अध्यापक मित्रहो, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना रुग्ण तपासायला कसे शिकवावे, याविषयी चार युक्तीच्या गोष्टी सांगण्याचा अधिकार मला नुकताच प्राप्त झाला आहे. बावीस वर्षे हेच शिकवून निवृत्त झालो, तेव्हा तो मिळाला नव्हता. गड्डा यात्रा उठल्यानंतरच्या आठवड्यात सोलापुरातल्याच एका रुग्णालयात, मावशीच्या खाटेशी डबा आणि पाण्याची बाटली सांभाळत बसलो, तेव्हा मिळाला.

सुरुवात सभागृहात करावी. पांढरे कोट घालावेत, चरक शपथ म्हणून घ्यावी आणि आपल्या गावात जन्मलेले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनला गेले व तिथल्या जखमींवर उपचार करता करता 1942 मध्ये, अवघ्या 32 वर्षांचे असताना वारले, हे गहिवरून सांगावे. त्यानंतर वर्षभर त्यांची आठवण काढावी लागत नाही.

हात धुणे 5 मे रोजी, म्हणजे हातांच्या स्वच्छतेच्या जागतिक दिनी, फलकासमोर छायाचित्र काढण्यापुरते शिकवावे.

नाडी पंधरा सेकंद मोजून चाराने गुणावी. त्यामुळे वॉर्डातल्या सगळ्या नाड्या चाराच्या पाढ्यात बसतात आणि कागद नेटका दिसतो. अनियमित नाडी पूर्ण मिनिटभर मोजावी लागते हे खरे. पण ती मनगटावर बोट ठेवणाऱ्यालाच सापडते, सरळ 72 लिहिणाऱ्याला तिचा काहीच त्रास नसतो. रक्तदाबाचा पट्टा हाताशी येईल तो वापरावा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला, तर आकडा चढतो आणि रुग्णाला आयुष्यभर एक गोळी जास्त लागते, इतकेच.

2019 पासून अभ्यासक्रम कौशल्यांवर बेतलेला आहे, त्यामुळे स्किल लॅबसाठी तपासणीच्या सरावाचे पुतळे आले आहेत. ते प्लॅस्टिकच्या वेष्टनातच राहू द्यावेत. निरीक्षक येतील त्या दिवशी पुतळे नवेकोरे दिसले पाहिजेत, आणि सरावासाठी माणसे आहेतच.

आता पोट तपासणे. मावशीची पाणथरी, म्हणजे आपली स्प्लीन, चांगलीच वाढली आहे, ही बातमी वॉर्डात पोचली आणि सकाळी नऊ वाजता एकोणीस मुले खाटेभोवती उभी राहिली. सरांनी, "सगळ्यांनी स्प्लीन फील करा रे," एवढे सांगितले आणि फोन कानाला लावून ते व्हरांड्यात गेले. पद्धत म्हणून हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. पडदा ओढायचा नाही; तो दुसऱ्या टोकाला असतो आणि त्याचे एक चाक निखळलेले असते. रुग्णाचे नाव विचारायचे नाही, खाटेला क्रमांक आहे. लुगडे परस्पर सरकवायचे आणि जानेवारीच्या सकाळचे गार हात थेट डाव्या बरगडीखाली खुपसायचे. वास्तविक गुडघे दुमडायला लावून पोट सैल करावे, उजव्या ओटीपोटापासून तिरके वर सरकत यावे, रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगून आपला हात स्थिर ठेवावा, म्हणजे पाणथरीची कडा आपण होऊन बोटांना येऊन भिडते, आणि हे सगळे चालू असताना डोळे रुग्णाच्या चेहऱ्यावर असावेत, कारण दुखते ते तोंडावर आधी दिसते. हे त्या मुलांना कोणी सांगितलेच नव्हते. पाणथरी फार वाढलेली असेल, तर जोरात दाबल्याने फाटूही शकते, हेही सांगितले नव्हते. सातव्या मुलानंतर मावशीने घरून आणलेली चादर हळूच पोटावर ओढून घेतली. आठव्याने ती बाजूला केली. चाळीस वर्षे विड्या वळून बोटे वाकडी झालेली ती बाई एका मुलीला फक्त एवढेच म्हणाली, "हात लई गार हायत गं पोरी." शेजारच्या खाटेवरच्या तेलुगू आजींना, "लंबी साँस लो," असे तीनदा ओरडून सांगण्यात आले. त्या कसनुशा हसल्या. श्वासाला 'ऊपिरि' म्हणतात, हे वॉर्डातल्या कोणत्याही आयाबाईने सांगितले असते.

अकरावा मुलगा मात्र थांबला. तो दोन्ही तळहात एकमेकांवर चोळू लागला, तेवढ्यात सर फोन संपवून आत आले आणि म्हणाले, "शेकोटी करतोस काय रे? आटप."

त्यानंतर खिडकीच्या कट्ट्यावर एकोणीस लॉगबुके, म्हणजे शिकलेल्या कौशल्यांच्या नोंदवह्या, एकावर एक आली आणि पाच मिनिटांच्या आत सरांच्या सह्या होऊन सगळ्यांची कामगिरी 'अपेक्षेप्रमाणे' ठरली.

कोणाच्या अपेक्षेप्रमाणे? अहो, तुम्ही एकाही मुलाचा हात पाहिला नाहीत! जो एक जण नीट करत होता, त्यालाच तुम्ही चारचौघांत हिणवलेत. तो आता जन्मात हात गरम करणार नाही. सह्यांची घाई मीही केली आहे, परीक्षेच्या तोंडावर गठ्ठेच्या गठ्ठे निपटले आहेत, त्यामुळे मनुष्यबळ नाही, बॅच मोठ्या आहेत, ओपीडी तुंबलेली असते, ही रडगाणी मला ऐकवू नका. ती मला चालीसकट पाठ आहेत. मला एवढेच विचारायचे आहे, की एका मुलाशेजारी दोन मिनिटे उभे राहायलाही तुम्हाला वेळ नव्हता, तर व्हरांड्यात पंचवीस मिनिटे कसली चर्चा चालली होती? पोरांवर मी रागावलेलो नाही. दाखवणाराच निघून गेल्यावर ती दाबण्यापलीकडे काय करणार?

मी तेव्हा बोललो नाही, याची लाज मला आहेच. डबा घेऊन बसलेल्या नातेवाइकाने वॉर्डात तोंड उघडले, की रुग्णाकडे बघणे कमी होते, हे मला आतून ठाऊक आहे. सगळे गेल्यावर मावशी चादर नीट करत म्हणाली, "एवढं डाक्टर बघून गेलं बाबा, आता गुण यील." तिला ते उपचार वाटले होते. ते काय होते, हे तिला सांगण्याचे धाडस मला झाले नाही.

मावशीला अजून घरी सोडलेले नाही. सोमवारी तुमची पुढची बॅच येणार आहे, आणि मी त्याच स्टुलावर बसलेला असेन. या वेळी पडदा मी स्वतः ओढून ठेवीन. तुम्ही फोन खोलीत ठेवून या.