हेडसेटबाहेरचा भिडू

व्हीआर (हेडसेट घालून अनुभवायचं आभासी जग) शिक्षणात ‘खेळ’ आणायचा म्हटलं की लोक लगेच गुण, बॅज आणि लीडरबोर्डवर, म्हणजे गुणांच्या क्रमवारीवर येतात. मला हे अजिबात पटत नाही. खेळात जान येते ती भिडूमुळे.

अमेरिकेत एमआयटीमध्ये ‘सेलव्हर्स’ नावाचा व्हीआर खेळ तयार झाला, शाळेतल्या जीवशास्त्रासाठी. दोघांनी खेळायचा. एक जण हेडसेट घालून थेट फुप्फुसाच्या पेशीत शिरतो. दुसरा बाहेर टॅबलेट घेऊन बसतो. त्याला पेशी वरून दिसते आणि सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या प्रकारांची माहितीही त्याच्याचकडे असते. या पेशीत कुठला प्रकार आहे, हे दोघांनी मिळून ओळखायचं.

या आजारात क्लोराइडला पेशीपटलातून वाट देणारं एक प्रथिन बिघडलेलं असतं. काही प्रकारांत ते तयारच होत नाही. काहींत तयार होतं, पण घडी नीट न पडल्यामुळे पटलापर्यंत पोचत नाही. काहींत पोचतं, पण वाट उघडत नाही. आतल्याला खुणा दिसतात, अर्थ लागत नाही; बाहेरच्याकडे अर्थ असतो, पण खुणा नसतात. मग बोलावंच लागतं. ‘ते बघ तिकडे’ म्हणून भागत नाही, कारण दोघांचं ‘तिकडे’ वेगळं! केंद्रक कुठे, रायबोझोम कुठे, हे नाव घेऊन सांगावं लागतं. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या मुलीवाचूनही इथे जोडीदाराचं अडतं. मला या खेळातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते.

एकमेकांवाचून अडेल अशी मांडणी करायची, ही कल्पना जुनीच आहे. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराच्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं एका वर्गात आली, तेव्हा तणाव होता. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी धड्याचे भाग करून प्रत्येकाला एकेक वाटला. दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होईना.

आणि बक्षिसांचं काय होतं? लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग बघा. चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात तीच मुलं चित्रांत इतरांपेक्षा कमी रमली. लीडरबोर्डमुळे तर शेजारच्या जोडीला मदत करणंही महाग पडतं.

म्हणून शाळांसाठी खरेदी करणाऱ्यांना कळकळीने सांगते, मुलागणिक हेडसेटचा आग्रह सोडा. दोघांत एक पुरतो. मध्येच भूमिका बदलू द्या. शेवटी हेडसेट बाजूला ठेवून प्रत्येक जोडीला आपलं निदान दुसऱ्या जोडीला पटवून द्यायला सांगा. त्यासाठीची दहा मिनिटं वेळापत्रकात आधीच राखून ठेवा, कारण तास संपत आला की पहिली कात्री त्यांनाच लागते.