जसे आहे, जेथे आहे

नाशिकचा पाऊस बाकीचे लोक गंगापूर धरण किती टक्के भरलं यावर मोजतात. आम्ही बाथरूमच्या दारावर मोजतो. जुलै लागला की ते फुगतं. आत जायला खांदा द्यावा लागतो आणि बाहेर यायचं तर आतल्याने ओढायचं, बाहेरच्याने लाथ घालायची. एखाद्या सुताराने कडेवर चार हात रंधा मारला असता तर दोनशे रुपयांत काम झालं असतं.

"सुतार कशाला?" मी म्हणालो. "आपणच रंधा आणू."

त्याला कारण होतं. गेले सहा महिने रात्री जेवणानंतर मी एका दाढीवाल्या गोऱ्याचे व्हिडिओ बघत होतो. तिकडे कुणी म्हातारा वारला की त्याच्या घरातल्या सामानाचा लिलाव होतो. हा जातो, गंजलेला रंधा उचलतो आणि बारा मिनिटांत त्याचा आरसा करतो. आपल्याकडे माणूस गेला की त्याचा रंधा आधी माळ्यावर जातो, मग भावाभावांच्या भांडणात, मग वाळवीच्या पोटात. लिलाव होतो तो कर्ज थकलेल्या कारखान्याचा. सातपूरच्या तशाच एका बंद वर्कशॉपची जाहिरात पेपरात आली: यंत्रसामग्री व हत्यारे, "जसे आहे, जेथे आहे" या तत्त्वावर.

बायकोने ती वाचली. "या अटीवर मी एकदा घेतलंय," ती म्हणाली. "परत घेत नाहीत."

लिलावाला माझ्याशिवाय चौघे भंगारवाले होते. त्यांनी कशालाही हात लावला नाही. चपलेच्या टोकाने ढीग ढकलून वजनाचा अंदाज घेतला आणि तंबाखू मळत उभे राहिले. मी मात्र गुडघ्यावर बसलो, कानशींच्या खालून एक रंधा उपसला, फुंकर मारली आणि मोठ्याने वाचलं, "स्टॅनले! नंबर चार! मेड इन इंग्लंड!" मागची लाकडी मूठ कुणाच्या तरी तळव्याने चकचकीत झाली होती आणि तिच्यावर खिळ्याने ठिपके मारून कोरलं होतं, 'ग. ब.' माझा आवाज म्हणे जरा कापत होता.

तिथेच भाव ठरला. रंधा एकटा मिळणार नव्हता, अख्खा ढीग घ्यायचा होता. अठराशेला सुरू झालेली बोली त्या चौघांतल्या एकाने फक्त कान खाजवत बावन्नशेवर नेली आणि मग एकदम गप्प झाला. ढिगात साठ-सत्तर किलो लोखंड होतं: लेथचा चक, जबडा तुटलेला व्हाइस, ड्रिल बिटं, नट-स्क्रूंनी भरलेला डालड्याचा डबा. रिक्षावाल्याने ढीग बघून रिक्षाच वळवली. शेवटी कान खाजवणाऱ्यानेच तो माझ्याकडून भंगाराच्या भावाने घेतला. मी रंधा पिशवीत घालून सिटी बसने घरी आलो.

लासलगावला कांदा विकणाऱ्या मेव्हण्याला फोनवर सांगितलं, तर तो बराच वेळ हसला. "दाजी, लिलावात आम्ही निदान एका बाजूने मार खातो. तुम्ही दोन्ही बाजूंनी खाल्ला."

आता गंज. घासून तो जातो, पण लोखंडही जातं. म्हणून बादलीत पाणी, त्यात धुण्याचा सोडा, कडेला सळईचा एक तुकडा आणि मधोमध टांगलेला रंधा. बॅटरी चार्जरची धन तार सळईला, ऋण रंध्याला. उलटं जोडलं तर रंधाच विरघळायला लागतो, म्हणून मी तारा चार वेळा तपासल्या. बुडबुडे येतात ते रंध्याकडून हायड्रोजनचे, त्यामुळे हा उद्योग बाल्कनीत. दुसऱ्या दिवशी सकाळी वर तांबूस फेस आला होता. शेजारच्या काकांनी कठड्यावरून वाकून पाहिलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "घरीच वाइन काढताय का?" नाशिकमध्ये बादलीला फेस आला की लोकांना दुसरं काही सुचत नाही. नाही म्हटलं तर त्यांना ते खोटं वाटलं. पुढचे दोन दिवस ते रिकामी बाटली घेऊन चकरा मारत होते.

गंज गेला. मग कळलं की मुठीवरचा पितळी नट गायब आहे. रविवार कारंजावरच्या चार दुकानांत फिरलो. प्रत्येकाने नट दिला, एकही बसला नाही. या रंध्याच्या नटाला इंचाला वीस आटे आणि जाडी अशी की बाजारातल्या कुठल्याच मापात येत नाही. "साहेब, एम सिक्स ठोकून बसवा, लोक चालवतात," एक दुकानदार म्हणाला. ही रचना लिओनार्ड बेलीची, स्टॅनलेने तिचे हक्क १८६९ साली घेतले, तिला एम सिक्स कसा ठोकणार, असं मी घरी समजावत होतो. बायको तेव्हा बाथरूमच्या आत होती आणि दार ओढत होती.

रात्री दोनला डालड्याचा डबा आठवला.

सकाळी वखारीत गेलो. मी आत शिरायच्या आधीच कान खाजवणाऱ्याने डबा मांडीवर घेतला. नट त्यातच होता. "डबा आम्ही वजनावर घेतो," तो म्हणाला, "देतो नगावर." एका नटाचे अडीचशे.

त्यानंतर काचेवर पॉलिश पेपर चिकटवून तळ सपाट करणं आणि पात्याला धार लावणं यात सगळा भाद्रपद गेला. मनगटावरचे केस साफ निघतील अशी धार लागली. लाकडावर मात्र रंधा थरथरायचा, अडखळायचा, नुसता भुसा काढायचा. मी लाकडाला दोष दिला. तीन जातींची लाकडं बदलली.

खंडेनवमीला रंधा पाटावर मांडला, झेंडू वाहिला. शेजारी बायकोने विळी आणि कुकर ठेवला. दसऱ्याच्या संध्याकाळी सोसायटीची कामं करणारा तरुण सुतार सोनं द्यायला आला. रंधा बघताच त्याचे डोळे चमकले. त्याने तो आधी कपाळाला लावला, मग एक डोळा मिटून तळावरून नजर फिरवली.

"काका, मस्त चीज आहे," तो म्हणाला. "फक्त पातं उलटं बसवलंय. धारेचा उतार खाली पाहिजे."

अर्ध्या मिनिटात त्याने पातं फिरवलं आणि पूजेच्या पाटाच्याच कडेवर एक हात मारला. रिबिनीसारखी पातळ साल वळत वळत झेंडूवर पडली. माझा ऊर भरून आला.

"चल," मी म्हणालो, "आधी ते दार."

आम्ही बाथरूमशी गेलो. त्याने एका बोटाने दार ढकललं. ते निमूटपणे लागलं. पाऊस थांबून दहा दिवस झाले होते.