तीन चेंडूंच्या यंत्राने हृदयातले अडथळे उघडत नाहीत

"तीन चेंडूंचे यंत्र रोज पाच मिनिटे ओढा, हृदय बळकट होईल, ब्लॉकेज उघडतील आणि चालण्याची व गोळ्यांची गरज उरणार नाही," असा संदेश हृदयरुग्णांपर्यंत सर्रास पोहोचतो आहे. श्वसनस्नायूंच्या प्रशिक्षणावर खरे संशोधन झालेले आहे, आणि नेमके म्हणूनच हा विपर्यास खोडून काढणे आवश्यक वाटते.

मुळात सांगितलेले यंत्रच चुकीचे आहे. शस्त्रक्रियेनंतर खोल श्वास घेतला जावा आणि फुप्फुसांचा तळाकडचा भाग मिटून राहू नये, यासाठी नळीतून श्वास ओढून चेंडू वर उचलायचे हे यंत्र देतात. स्नायूंवर मोजून भार टाकण्याची सोय त्यात नसते. प्रशिक्षणाच्या उपकरणात स्प्रिंगने दाबून धरलेली झडप असते आणि श्वास आत ओढताना ठरावीक जोर लागल्याखेरीज ती उघडतच नाही. रुग्ण जास्तीत जास्त किती दाबाने श्वास ओढू शकतो हे आधी मोजतात. तो दाब ६० सेंटीमीटर पाणी (श्वासाचा दाब मोजण्याचे एकक) इतका भरला आणि ३० टक्क्यांपासून सुरुवात करायची असेल, तर झडप १८ वर लावतात व पुढे पुन्हा मोजून भार वाढवतात.

या व्यायामाने बळकट होतात ते श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) आणि श्वास आत घेणारे इतर स्नायू, हृदयाचा स्नायू नव्हे. तरीही हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय पुरेसे रक्त पुढे ढकलू न शकणाऱ्या, काही रुग्णांना त्याचा लाभ होतो. त्यांचे श्वसनस्नायू अनेकदा दुबळे झालेले असतात, आणि ते थकले की मज्जासंस्थेच्या प्रतिक्षिप्त क्रियेने पायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे धापेबरोबर पायही लवकर गळून जातात. ब्राझीलमधील २००६ च्या अभ्यासात अशा ३२ रुग्णांपैकी ज्यांनी १२ आठवडे रोज ३० मिनिटे हे प्रशिक्षण घेतले, त्यांची चालण्याची क्षमता वाढली. मात्र हे सगळे रुग्ण श्वसनस्नायू दुबळे असल्याचे मोजून निवडलेले होते, ही अट संदेशात कुठेच नाही.

पाच मिनिटांचा आकडा बहुधा रक्तदाबावरील २०२१ च्या अभ्यासातून उचललेला असावा. त्यात कमाल क्षमतेच्या ७५ टक्के भाराने आठवड्यातले सहा दिवस दिवसाला ३० श्वास, म्हणजे सुमारे पाच मिनिटे, घेतल्यावर सहा आठवड्यांत वरचा रक्तदाब सरासरी नऊ अंकांनी उतरला. पण सहभागी व्यक्ती हृदयरुग्ण नव्हत्या.

ब्लॉकेज म्हणजे धमनीच्या भिंतीत साचलेला चरबीयुक्त थर. श्वसनस्नायू कितीही बळकट झाले तरी तो विरघळत नाही.

सर्वांत घातक सल्ला गोळ्या सोडण्याचा आहे. बीटा ब्लॉकर (हृदयाची गती व त्यावरचा ताण कमी करणाऱ्या गोळ्या) अचानक बंद केल्यास छातीत कळ येऊ शकते, प्रसंगी हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. हार्ट फेल्युअरमध्ये हे प्रशिक्षण औषधांच्या जोडीनेच देतात, आणि चालण्याला ते पूरक असते. ज्यांना चार पावलेही जड जातात त्यांच्यासाठी ती सुरुवात ठरू शकते.

अस्थिर अंजायना (विश्रांतीतही किंवा वाढत्या प्रमाणात छातीत येणारी कळ) असलेल्यांनी, नुकताच न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाभोवती हवा शिरून ते मिटणे) होऊन गेलेल्यांनी किंवा कानाचा पडदा फाटलेल्यांनी हा व्यायाम परस्पर सुरू करू नये. धाप वाढली, पायांवर सूज आली आणि थोड्याच दिवसांत वजन चढले, तर शरीरात पाणी साठत असण्याची शक्यता असते. अशा वेळी भार न वाढवता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.