डोळे मिचकावा, खातं वाचवा

बँकेला माझ्या डोळ्यांविषयी जेवढी उत्सुकता आहे, तेवढी मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनाही नव्हती. त्यांनी तपासलं, कागदावर ‘शंभर टक्के अंध’ लिहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बँकेचं तसं नाही. तिचा दर काही वर्षांनी मेसेज येतो: केवायसी अपडेट करा, नाहीतर खातं बंद पडेल. घरबसल्या, मोबाईलवर, एकदम सोपं. फक्त कॅमेऱ्याकडे बघा आणि डोळे मिचकावा.

मी सांगलीत पत्रकारिता करतो. कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी किती फुटांवर गेलं, हळदीला काय दर निघाला, अवकाळीनं तासगावकडच्या द्राक्षांचं काय केलं, हे सगळं न बघता लिहितो. त्यात विशेष काही नाही. न बघता लिहिणारे आमच्या धंद्यात पुष्कळ आहेत, माझ्याकडे तसा दाखला आहे एवढंच. तर सगळ्या जिल्ह्याची खबर ठेवणाऱ्या मला स्वतःचं खातं जिवंत ठेवता येईना.

माझा फोन बोलतो. बोट जिथं पडेल तिथं काय लिहिलंय ते सांगतो. पण ज्याला नावच दिलेलं नाही, त्याचं तो तरी काय सांगणार? बँकेचं ॲप उघडलं की ऐकू येतं, ‘अनलेबल्ड बटन. अनलेबल्ड बटन. बटन.’ लग्नात नाव न घालता दिलेल्या आहेराच्या पाकिटांसारखी ही बटणं. यातलं एक ‘पुढे जा’ असतं आणि एक ‘अर्ज रद्द करा’. कुठलं कोणतं, ते दाबल्यावर कळतं.

मग ओटीपी येतो. फोन तो वाचतो, पण एकेक आकडा सुटा नाही. ‘चार लाख ब्याऐंशी हजार नऊशे तेरा.’ लॉटरी लागल्यासारखं वाटतं क्षणभर. त्या लाखाचे मनातल्या मनात सहा आकडे करून टाकेपर्यंत मुदत संपते आणि नवा ओटीपी येतो, सात लाखांचा.

हे पार पडलं की कॅमेरा. पडद्यावर म्हणे एक अंडाकृती चौकट असते, त्यात चेहरा बसवायचा. चौकट कुठंय ते ॲप सांगत नाही. चेहरा चुकला की कडा लाल होते म्हणतात. लाल! माझा फोन बराच वेळ छताच्या पंख्याकडे वळलेला होता, हे बायकोनं नंतर सांगितलं. पंख्यानं डोळे मिचकावले असते तर त्याची केवायसी झाली असती. शेवटी चेहरा सापडला, तर यंत्र म्हणालं, ‘हलू नका.’ मी हललो नव्हतो. माझी बुबुळं जन्मापासून आपली आपण हलत असतात, माझी परवानगी घेत नाहीत. मिचकावण्याआधीच एवढी हालचाल बघून यंत्रानं मला संशयित ठरवलं आणि सेशन संपलं.

यावर प्रत्येक जण विचारतो, ‘घरात कुणी डोळस नाही का? त्यांच्याकडून करून घ्यायचं की.’ आहे ना, बायको आहे, तिचे डोळे चांगले तीक्ष्ण आहेत. पण हीच बँक सकाळ-संध्याकाळ मेसेज पाठवते की ओटीपी आणि पासवर्ड कुणालाही सांगू नका, घरच्यांनाही नाही. म्हणजे डोळसानं गुपित पाळायचं आणि अंधानं सगळं घर गोळा करायचं.

पत्रकार असल्यानं मला कायदा माहीत आहे, हे माझं दुसरं दुखणं. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा निघाला तेव्हा मी आनंदानं बातमी वाचली होती. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, ते २१ झाले. त्यात कलम ४२ आहे: माहिती-तंत्रज्ञान सगळ्यांना वापरता आलं पाहिजे. पुढं ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. एक याचिका प्रज्ञा प्रसून यांची होती. ॲसिड हल्ल्यात त्यांच्या डोळ्यांना अशी इजा झाली की पापणी मिटताच येत नाही, आणि केवायसीला मिचकावणं हवं! दुसरी पूर्ण अंध असलेल्या अमर जैन यांची. न्यायालय म्हणालं, डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. केवायसी सगळ्यांना जमेल अशी करा, कॅमेऱ्यासमोर फोटो नसून जिवंत माणूस आहे हे ओळखायला मिचकावण्याखेरीज दुसरेही मार्ग ठेवा. एकूण २० निर्देश दिले. निकाल स्पष्ट आहे. माझं ॲप तो अजून वाचतंय. त्यालाही बहुधा बटणं सापडत नसावीत.

आणि हे रडगाणं एकट्या अंधांचं नाही. ऊस तोडून ज्यांच्या बोटांवरच्या रेघा झिजल्या, त्यांना रेशन दुकानातलं मशीन ओळखत नाही. पेन्शनवाल्या आजोबांना हयातीच्या दाखल्यासाठी मोबाईलसमोर मान ताठ धरावी लागते, ती मान कंपवातानं थरथरते. कुठंतरी वातानुकूलित खोलीत बसून कुणीतरी एक नागरिक कल्पिला आहे: दोन डोळे, दहा कोरी बोटं, भरपूर नेटवर्क आणि हातात मोकळा वेळ. तो गृहस्थ मला सांगली जिल्ह्यात अजून भेटलेला नाही. भेटला तर मुलाखत घेईन.

असो. शाखेत जाणं भाग होतं. विश्रामबागेतून रिक्षा केली. उतरताना नोट चाचपली. दोनशेची नोट १४६ मिलिमीटर लांब, पाचशेची १५०. चार मिलिमीटरांत सरकारनं आमची सोय बसवली आहे. रिझर्व्ह बँकेनं २०२०मध्ये नोटा ओळखणारं ‘मणी’ नावाचं ॲपही काढलंय, चांगलं आहे. पण मागं गाड्या हॉर्न मारत असताना नोटेचा फोटो काढायला रिक्षावाला थांबला पाहिजे ना! हा थांबला. भला माणूस होता.

काउंटरवरच्या मॅडमनी माझ्या काठीकडे बघितलं असावं, कारण पुढचा प्रश्न माझ्या डाव्या बाजूला गेला. तिथं शाखेत चहा देणारे मामा उभे होते.

‘यांना सही येते का?’

‘येते की. पेपरात रोज नाव येतंय त्यांचं,’ मामा म्हणाले.

‘मग साक्षीदार लागेल. डोळस.’

मी म्हटलं, रिझर्व्ह बँकेचं २००८चं परिपत्रक आहे. चेकबुक, एटीएम, लॉकर, नेट बँकिंग, यातलं काहीही अंध खातेदाराला नाकारायचं नाही. मी सज्ञान आहे, करार करू शकतो.

‘आमच्याकडे आलेलं नाही ते.’

एवढ्या वर्षांत टपाल मुंबईहून कुठपर्यंत आलंय कोण जाणे. कराडला बहुधा गाडी बदलत असेल. मी विचारलं, साक्षीदार कोण चालेल? मॅडम म्हणाल्या, कुणीही, दिसत असलं की झालं.

‘मामा, चला.’

‘अवो, मला वाचाय कुठं येतंय?’ मामा कानाशी पुटपुटले. मी म्हटलं, त्यांनी वाचण्याचं काही विचारलेलं नाही.

तर मग बाकड्यावर आम्ही दोघं बसलो. मी फॉर्मवर फोन धरला, फोननं इंग्रजी अटी घडाघडा वाचल्या, आणि मी त्या माझ्या साक्षीदाराला मराठीत समजावून सांगत गेलो. मामा आधी नुसते ‘व्हय व्हय’ करत होते. एसएमएसच्या आकाराचं कलम आलं तसे थांबले.

‘म्हंजे मेसेजचं बी पैसं कापत्यात?’

‘दर तिमाहीला.’

‘माझं बी खातं हितंच हाय की!’

मग मामांनी फॉर्मवर अंगठा उठवला, ‘वरील मजकूर वाचून समजून घेतला’ या ओळीखाली. मॅडमनी शिक्का मारला. माझी केवायसी झाली. मी उठलो, तर मामांनी बाही धरून पुन्हा खाली बसवलं आणि खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं.

‘पत्रकार, जरा माझं पासबुक बघा की.’

मी फोन धरला. पानावरची शाई फिकट होती, तरी दोन कपाती निघाल्या. मामांचा आवाज चढला तसा रांगेतला एक जण वळून विचारू लागला, माझं पण बघता का. त्याच्यामागून एक बाई आल्या. काउंटरवरून मॅडम ओरडल्या, ‘ओ, तिथं गर्दी करू नका! काही विचारायचं असलं तर ॲपवर विचारा.’