बरोला काचेचं भांडं म्हणणाऱ्यांनो

आज मैत्रिणीकडे दिवाळीच्या फराळाला गेलो होतो. पंचवीस-तीस माणसं, टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल चालू. आमच्या सिनसिनाटी बेंगल्सची मॅच आज नव्हती, ती गुरुवारीच, १६ ऑक्टोबर २०२५ ला झाली, स्टीलर्सना ३३-३१ हरवलं. तरी विषय तिथेच गेला, आमचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा मुख्य खेळाडू) जो बरो याच्यावर. एका गृहस्थांनी चकली मोडता मोडता जाहीर केलं, "तुमचा बरो म्हणजे काचेचं भांडं. २७.५ कोटी डॉलरचं कंत्राट, आणि बघावं तेव्हा लंगडत बाहेर. त्याच्या जागी खेळणारा तो फ्लॅको बघा, चाळिशीचा झाला तरी उभा आहे." सगळे हसले. माझा नवरासुद्धा हसला. सणाचा दिवस, दुसऱ्याचं घर, म्हणून मी गप्प बसले. घरी येऊन दोन तास झाले तरी डोकं शांत होत नाहीये, म्हणून लिहितेय.

भांडं फुटलं हे दिसलं. ते आपटलं किती वेळा, हे कुणी विचारलं?

२०२१ चा सीझन आठवा. साध्या सीझनमध्ये ५१ सॅक, प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, आणखी १९. (भारतातल्या मंडळींसाठी: पास टाकायच्या आत क्वार्टरबॅकला मागेच लोळवलं की सॅक.) सत्तर वेळा एका माणसाला जमिनीवर आपटलं, आणि आपटणारी माणसं सव्वाशे-दीडशे किलोची. टेनेसीविरुद्धच्या प्लेऑफमध्ये तर एका दुपारी नऊ वेळा. नऊ! तरीही उठून १९-१६ ने मॅच काढली त्याने. हा ठिसूळ?

मला हे सगळं पूर्वी कळत नव्हतं, हेही सांगते. माझा लेक हायस्कूलच्या टीममध्ये राइट गार्ड खेळतो. चौसष्ट नंबर. दोन वर्षांपूर्वी त्याची पहिली शुक्रवारची मॅच बघायला गेले. थंडीत तीन तास बसले, ओरडले, टाळ्या वाजवल्या. गाडीत बसल्यावर त्याने विचारलं, "आई, मी कसा खेळलो?" मी म्हटलं, "अरे, तू दिसलासच नाहीस. बॉल तुझ्याकडे आलाच नाही." तो जरा वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "आई, बॉल माझ्याकडे कधीच येणार नाही. पुढच्या वेळी बॉल नको बघूस. मला बघ."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्या शुक्रवारी मी फक्त चौसष्ट नंबर बघितला. मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल, अशी पाच पोरं वाकून उभी. सेंटरने बॉल मागे दिला, म्हणजे स्नॅप झाला, की समोरून धडका सुरू. या पाचांनी, म्हणजे लाइनने, अडीच-तीन सेकंद थोपवायचं, तेवढ्यात क्वार्टरबॅकने मैदान वाचून पास सोडायचा. एकाचा पाय घसरला की संपलं. बाकीच्या चौघांनी कितीही चोख काम केलेलं असो. आणि लाउडस्पीकरवर माझ्या पोराचं नाव त्या दिवशी एकदाच आलं: होल्डिंग (समोरच्याला धरून ठेवण्याची चूक), दहा यार्ड मागे. टचडाउन रद्द. आजूबाजूचे लोक "कोण आहे हा चौसष्ट?" म्हणून चिडले. मी तिथेच बसले होते.

तेव्हापासून मी कुठलीही मॅच वेगळी बघते. २०२२ चा सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, पुन्हा बघा आणि बॉल सोडून द्या. रॅम्सनी बरोला सात वेळा पाडलं. शेवटचा प्ले, तीन गुणांनी मागे, चौथा डाउन म्हणजे शेवटची संधी, एक यार्ड हवाय. आणि त्यांचा ॲरन डोनाल्ड मधूनच घुसला, बरोला धरून गरगर फिरवलं, पडता पडता टाकलेला पास वाया. त्याच क्षणी पुढे आमचा पास झेलणारा जमार चेस मोकळा सुटला होता. एखादं सेकंद जास्त मिळालं असतं तर! आमच्या घरात त्या रात्री कुणी जेवलं नाही. तेव्हाही दुसऱ्या दिवशी चर्चा कसली, तर बरोने हे करायला हवं होतं, बरोने ते करायला हवं होतं.

आता कुणी म्हणेल, चेसला घेतलं म्हणून तर तिथवर पोचलो. २०२१ च्या ड्राफ्टला (नव्या खेळाडूंच्या निवडीला) पाचव्या नंबरवर बेंगल्सनी चेस घेतला आणि पेनेई सूअल हा टॅकल सातव्याला डेट्रॉइटला गेला. ठीक आहे, चेस अफलातून आहे, मान्य. पण त्याच्या पाचच महिने आधी, २०२० च्या नोव्हेंबरमध्ये, वॉशिंग्टनला याच बरोचा डावा गुडघा पॉकेटमध्येच, म्हणजे लाइनने राखायच्या जागेतच, मोडला होता, लिगामेंट फाटली होती. त्याच्यापुढे भिंत उभी करायची सोडून आधी शोकेस सजवलं, असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. लेक त्यावेळी बारा वर्षांचा होता आणि चेससाठी हट्टाला पेटला होता. आता विचारलं तर उत्तर देत नाही.

आणि कॅन्सस सिटीने काय केलं बघा. २०२१ च्या फेब्रुवारीत सुपर बोलला त्यांचे दोन्ही टॅकल जखमी होते. त्यांचा क्वार्टरबॅक, महोम्ससारखा महोम्स, जिवाच्या आकांताने पळत होता, ३१-९ ने हरले. त्यांनी महोम्सला ठिसूळ म्हटलं नाही. पुढच्या सीझनला लाइनच्या पाचही जागी नवी माणसं आणली. दोन वर्षांनी सुपर बोलला समोर ईगल्स, ज्यांनी त्या सीझनमध्ये ७० सॅक केले होते. महोम्सला किती वेळा पाडलं? एकदाही नाही. ३८-३५ ने कप घेऊन गेले.

बरो कधीकधी बॉल जास्त वेळ धरून ठेवतो, हे खरंय. फ्लॅको पटकन सोडतो, तेही खरं. २०२३ च्या जानेवारीत बफेलोच्या बर्फात लाइनमधले तिघे बाहेर असताना आपण जिंकलो, तेही आठवतंय मला. पण आठवड्याभरातच कॅन्सस सिटीत त्याच बदली लाइनमागे पाच सॅक खाल्ले आणि घरी आलो. हे कुणी सांगत नाही.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो त्या हसण्याचा. इथून दोन तासांवर इंडियानापोलिस आहे. अँड्र्यू लक तिथे क्वार्टरबॅक खेळायचा. समोरच्याने जोरात पाडलं तर उठून त्यालाच शाबासकी देणारा माणूस. २०१५ मध्ये मार लागून त्याची किडनी फाटली. खांद्यासाठी २०१७ चं अख्खं वर्ष गेलं. मग २०१८ ला क्लबने क्वेंटन नेल्सन हा गार्ड सहाव्या नंबरवर घेतला, लाइन बांधली, आणि पूर्ण सीझनमध्ये लकला फक्त १८ सॅक झाले. लागोपाठ पाच मॅच एकही नाही! तोच लक, तोच हात. टीम प्लेऑफला गेली. पण शरीराने आधीच हिशेब केला होता. २४ ऑगस्ट २०१९ ला, एकोणतिसाव्या वर्षी, त्याने खेळ सोडला. आणि मैदानातून जाताना स्वतःच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. आठवलं की अजून पोटात कालवतं.

बरोच्या पायाच्या अंगठ्याचं ऑपरेशन गेल्या महिन्यात झालं. ती दुखापतही सॅकमध्येच. त्याची आई कुठे बसून बघत असेल, एवढंच माझ्या मनात येतं.

कारण लेकाच्या टीमच्या क्वार्टरबॅकची आई माझ्या शेजारी बसते. तिचा पोरगा शनिवारी आमच्याकडे पोहे खायला येतो, दोन वाट्या शेव घालून. तीही बॉल बघत नाही. स्नॅप झाला की माझा हात धरते, पास सुटला की सोडते. दोघी बोलत नाही फारसं. होल्डिंगच्या त्या रात्री सगळे चौसष्टवर चिडले होते तेव्हा तिने माझा हात सोडलाच नाही.

परवा शुक्रवारी मॅच संपल्यावर रात्री तिचा मेसेज आला. सोबत फोटो, बाथरूममध्ये टांगलेली जर्सी. चिखलाचा एक डाग नाही. खाली लिहिलं होतं, "आज धुवायला काही नाहीच. त्याला सांग." मी लेकाला फोटो दाखवला. बोटांना टेप गुंडाळलेली होती, ती सोडवत त्याने बराच वेळ बघितला. "पाठव ना मला," म्हणाला.

येत्या शुक्रवारी सीझनची शेवटची घरची मॅच आहे. चकलीवाले काका, तुम्हीही या. सातला सुरू होते. आम्ही तिसऱ्या रांगेत असतो, चहाचा थर्मास मी आणते.