परसदारची झडती

सोनोग्राफीच्या रिपोर्टात छापून आलं होतं, 'पोटातल्या गॅसमुळे मागचा भाग नीट दिसला नाही. महारोहिणीजवळ (मुख्य धमनीजवळ) सावली.' सावलीने माझी गाळण उडाली. बायकोने मात्र पहिलंच वाक्य दोनदा मोठ्याने वाचलं. तीस वर्षं ती जे सांगत होती, त्यावर आता सही-शिक्का होता.

पोटाच्या मागे पाठ, एवढंच माझं शरीरशास्त्र. डॉक्टर म्हणाले, पोटात एक पातळ पडदा असतो. जठर-आतडी त्याच्या अलीकडे, ओटीवर; मूत्रपिंडं, स्वादुपिंड, महारोहिणी पलीकडे, परसदारी. तिथे गाठ वाढली तरी ओटीवर बरेच दिवस पत्ता नसतो. कधी नुसते तंतू माजतात आणि मूत्रवाहिन्यांना आवळतात. म्हणून एमआरआय.

"काका, अंगावर धातू?" टेक्निशियनने विचारलं. घड्याळ, पट्टा, चष्मा निघाले. राहिला करदोडा. पोट वाढत गेलं तसा तो आत रुतत गेला होता.

"चांदी चुंबकाला चिकटत नाही," मी शाळा काढली.

"चिकटत नाही, पण तापते काका."

पुढची दहा मिनिटं मी बाथरूममध्ये साबण लावून स्वतःला सोडवत होतो.

चुंबक दीड टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30,000 पट. त्यात अंगातल्या पाण्यातले हायड्रोजनचे कण एका दिशेला वळतात. सगळे नाहीत हो. दहा लाखांमागे जेमतेम पाच-दहांचं मताधिक्य. तेवढ्यावर चित्र निघतं! याहून भक्कम सरकारं पडलेली पाहिलीत मी.

आत गेल्यावर तांबट आळी सुरू झाली. मध्येच कानात रेकॉर्ड केलेली बाई, "साँस रोकिए." श्वासाबरोबर मूत्रपिंडंही वरखाली होतात, चित्र फिसकटतं, म्हणून हा कुंभक. वीस सेकंद जमले. पण "छोड़िए" त्या ठोकाठोकीत ऐकूच आलं नाही, आणि मी आपला आज्ञाधारकपणे धरूनच. शेवटी टेक्निशियन ओरडला, "काका, सोडा! केव्हाच झालं!"

रिपोर्ट आला. सावली म्हणजे रिकाम्या आतड्याचं वेटोळं. परसदार स्वच्छ.

बायकोने कागद उलटसुलट करून पाहिला. "अहो, यात गॅसचं काहीच लिहिलेलं नाही," ती म्हणाली. "दुसरीकडे दाखवू या का?"